वर्जन की वजन

मास्टरांना काहीही विचारलं की ते आधी वर बघायचे.

"मास्टर, हा माऊस दुरुस्त होईल का?" असं कुणी म्हटलं की मास्टर मान वर करणार, छताच्या पंख्याकडे दोन सेकंद बघणार आणि मग म्हणणार, "फिरतोय. बोला."

नवीन गिऱ्हाइकाला वाटायचं, हा माणूस वरच्याला विचारून उत्तर देतो. कुणाला वाटायचं, भाव खातो. कारण साधं होतं. पंखा फिरतोय म्हणजे लाईट आहे, आणि लाईट आहे तोवरच त्यांच्या कामाला अर्थ होता. आमच्या माजलगावात लाईट जाते हे कुणाला सांगायला नको. पण बाकीचे लोक लाईट गेल्यावर वर बघतात. मास्टर ती जायच्या आधी बघायचे. असा आधी बघणारा माणूस तुम्हीही एखादा पाहिला असेल.

मास्टर म्हणजे शिक्षक नव्हे. त्यांचे वडील शिलाईचे मास्टर होते. त्याच दुकानात मुलाने कॉम्प्युटर दुरुस्ती सुरू केली आणि नाव दुकानाबरोबर त्यांच्याकडे आलं. शिलाईची मशीन गेली, पण दोऱ्याची लाकडी रिळं राहिली. मास्टर त्यांच्यावर वायरी गुंडाळून ठेवायचे. बटणांच्या डब्यात आता बारीक स्क्रू असायचे. समोरच्या भिंतीवर खिळ्याला एक मदरबोर्ड टांगलेला होता, देवाच्या तसबिरीसारखा. त्याची गोष्ट पुढे येईल.

मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बसतो. या गोष्टीच्या वेळी बावीस हंगाम झाले होते. उसाची गाडी भरलेली तोलायची, रिकामी तोलायची, वजाबाकी करायची, पावती फाडायची. ऐन हंगामात एकदा केबिनमधला कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा मास्टर पहिल्यांदा आले. बाहेर बासष्ट गाड्या उभ्या होत्या. मी मोजल्या होत्या. मास्टर आत आले, पंख्याकडे बघितलं, सीपीयू उघडला, आतली एक पट्टी काढून पुसून पुन्हा बसवली आणि कॉम्प्युटर चालू झाला. जाताना म्हणाले, "काटेसाहेब, पुन्हा बंद पडला तर मला बोलवा, ह्येला मारू नका." तेव्हापासून मी त्यांचा काटेसाहेब. माझं आडनाव काटे नाही. पण गल्लीतल्या नव्या लोकांना अजून तेच माहीत आहे.

आता मुख्य गोष्ट.

माझी मुलगी पुण्यात दोन वर्षं नोकरी करून परत आली होती. घरांच्या आतल्या सजावटीची चित्रं ती कॉम्प्युटरवर करते. घर बांधायच्या आधीच ते फोटो काढल्यासारखं दिसतं. "पप्पा, मला इथंच राहायचंय," एवढंच ती म्हणाली होती. पुण्याच्या एका ऑफिसने घरून काम द्यायची तयारी दाखवली, पण आधी परीक्षा: सहा चित्रं, पुढच्या सोमवारपर्यंत. आमच्या कॉम्प्युटरवर एक चित्र पूर्ण व्हायला सात तास वीस मिनिटं लागायची. त्यात दोनदा मधेच लाईट जायची आणि पुन्हा पहिल्यापासून. सहा चित्रं होणं शक्य नव्हतं.

माझ्या पुण्याच्या भाच्याने त्याचं जुनं ग्राफिक्स कार्ड पाठवून दिलं. ते घातलं की एक चित्र दहा-बारा मिनिटांत होईल, असं तो म्हणाला. कार्ड आलं आणि प्रश्नही आला. कार्ड घालायच्या आधी मदरबोर्डचा बायोस नवा करायचा की नाही?

बायोस म्हणजे काय ते मलाही तेव्हाच कळलं. कॉम्प्युटर चालू केला की सगळ्यात आधी जी सूचना जागी होते, ती बोर्डाच्याच पोटात लिहिलेली असते. ती पुसून नवी लिहिता येते. आमचा बोर्ड जुना, कार्ड त्यामानाने नवं; जुनी सूचना नव्या कार्डाला ओळखेलच असं नाही. पण लिहिलं जात असताना लाईट गेली, तर जुनी पुसलेली आणि नवी अर्धवट. मग बोर्ड गप्प होतो तो होतोच. तसला जुना बोर्ड सोमवारच्या आत गावात मिळणार नव्हता. म्हणजे केलं नाही तर कार्ड चालेल की नाही माहीत नाही, आणि केलं तर बोर्ड राहील की नाही माहीत नाही.

मी विचारायला सुरुवात केली. भाचा, मुलीच्या मैत्रिणी, कारखान्यातले इंजिनिअर, इंटरनेटवरचे अनोळखी लोक. वहीत तीन रकाने पाडले. 'करा' म्हणणारे सात. 'करू नका' म्हणणारे सहा. 'आधी कार्ड लावून बघा' म्हणणारे चार. बोर्ड बनवणाऱ्यांनी तरी एक काहीतरी सांगावं म्हणून त्यांचं पान मुलीकडून वाचून घेतलं. वर लिहिलं होतं, सगळं ठीक चालत असेल तर बायोसला हात लावू नये. त्याच पानावर खाली लिहिलं होतं, नव्या बायोसमुळे ग्राफिक्स कार्डं अधिक चांगली चालतील. एकाच पानाला मी दोन रकान्यांत कसं लिहू? मी ते लिहिलंच नाही.

शेजारच्या पानावर दुसरी नोंद चालू होती. लाईट कधी जाते याची. पाच दिवसांत अकरा वेळा गेली. पहाटे, दुपारी, जेवताना. काही मेळ बसेना. घरातला यूपीएस लाईट गेल्यावर पन्नास सेकंद तग धरायचा आणि बायोस लिहायला चार मिनिटं लागतात म्हणे. वहीवरून मला एवढंच कळलं की लाईट सलग किती वेळ होती हे नंतर सांगता येतं, आधी नाही.

शेवटी बुधवारी काट्यावरूनच मास्टरांना फोन केला. समोर ट्रॅक्टर उभे, प्रत्येकावर मोठ्या आवाजात वेगळं गाणं. त्या गोंधळात मास्टर म्हणाले, "कार्ड घालायच्या आधी वजन बघा. आकडा कागदावर लिहून आना. अंदाजे नगं, पक्का."

मला बरं वाटलं. पाच दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी मला कळेल असं बोललं होतं.

घरी येऊन मी स्वयंपाकघरातला इलेक्ट्रिक काटा काढला. आधी त्यावर किलोचं माप ठेवलं. बरोबर एक हजार दाखवला. मग खोक्यासह कार्ड: तेराशे चव्वेचाळीस. रिकामं खोकं: चारशे चौऱ्याहत्तर. निव्वळ: आठशे सत्तर ग्रॅम. मुलगी दारात उभी राहून बघत होती. "पप्पा, हे कशाला?" म्हणाली. मी म्हटलं, "मास्टरांनी सांगितलंय. वजनावर असतं ते."

गुरुवारी सकाळी कागद मास्टरांच्या हातात दिला. त्यांनी पंख्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, परत पंख्याकडे बघितलं.

"काटेसाहेब, हे काय हाय?"

"वजन. तुम्हीच म्हणालात ना."

"मी वर्जन म्हनलो होतो. वर्जन! बायोसचं वर्जन. चालू करताना स्क्रीनवर दिसतं ते."

 बावीस वर्षं ज्याच्या कानात दिवसभर वजन, वजन हाच शब्द पडतो, त्याला दुसरं काय ऐकू येणार? मास्टर हसतील असं वाटलं. ते हसले नाहीत. कागद पुन्हा वाचला आणि म्हणाले, "खोक्याचं बी वेगळं काढलंय. लई नेक काम हाय." घडी घालून कागद शर्टाच्या खिशात ठेवला. मग मात्र त्यांचे खांदे हलायला लागले. दुकानातली खुर्ची धरून ते बराच वेळ हलत राहिले. मीही हसलो. काय करणार?

त्या दिवशी ते घरी आले. बोर्डाच्या कोपऱ्यावर एक वर्जन छापलेलं निघालं, स्क्रीनवर दुसरंच दिसलं. मी विचारलं, यातलं खरं कुठलं? मास्टर म्हणाले, "दोनी खरे. एक बोर्डाचं, एक बायोसचं." माझ्या वहीत आणखी दोन आकडे वाढले आणि उलगडा काही झाला नाही.

"आधी घालूनच बघू," मास्टर म्हणाले. "चाललं तर वर्जनला लांबून सलाम."

कार्ड घातलं. पंखे फिरले, दिवे लागले, स्क्रीन काळी. काढलं, पुसलं, परत घातलं. काळी. कार्ड काढून ठेवलं की कॉम्प्युटर पहिल्यासारखा चालू.

"म्हणजे बायोस करावाच लागणार," मी म्हटलं.

मास्टरांनी कार्ड खोक्यात ठेवलं. मग म्हणाले, "माझ्या भिंतीवरचं बोर्ड बघितलं ना तुमी? दिंद्रुडच्या टायपिंग क्लासवाल्या ताईंचं होतं ते. चांगलं चालत होतं. मीच नवीन कराया गेलतो. तीन मिनिटं झालती अन् पंखा थांबला."

"लाईट गेली त्याला तुम्ही काय करणार?"

"लाईट जाते ते मला ठाऊक होतं की. ह्येला मी मारलं, काटेसाहेब. ताईंनी दुसरं बोर्ड घालून घेतलं, एका शब्दानं बोलल्या न्हाईत. म्हनून तर टांगून ठेवलंय. त्या बोलल्या असत्या तर फेकून दिलं असतं."

मुलगी आतून ऐकत होती. बाहेर येऊन म्हणाली, "काका, राहू द्या. मी पुण्याला जाते परत. त्यात काय एवढं." तिने हे इतक्या सहज म्हटलं की आम्हा दोघांनाही दुसरीकडे बघावं लागलं.

आणि तेव्हा, इतक्या दिवसांनी, मला एक गोष्ट सुचली जी पहिल्या दिवशी सुचायला हवी होती. उसाचा चोथा जाळून आमचा कारखाना स्वतःची वीज स्वतः करतो. गाळप चालू असेपर्यंत काट्याच्या केबिनमधला पंखा मी थांबलेला पाहिला नव्हता. बावीस वर्षं ज्या पंख्याखाली बसलो, तोच माझ्या वहीत नव्हता.

शुक्रवारी सकाळी आम्ही तिघं सीपीयू आणि घरचा स्क्रीन घेऊन कारखान्यावर गेलो. शिफ्टच्या साहेबांना मी आदल्या दिवशीच विचारून ठेवलं होतं. "अर्धा तास," ते म्हणाले, "आणि काटा थांबता कामा नये." काट्यावर दुसरा कारकून बसला. केबिन पलीकडच्या बाजूला, म्हणून मास्टर सीपीयू पोटाशी धरून रिकाम्या काट्यावरूनच चालत निघाले. पुढे उभ्या असलेल्या ट्रकचा ड्रायव्हर त्यांच्या ओळखीचा निघाला. तो वरूनच ओरडला, "काय बे मास्टर, कॉम्प्युटर गाळपाला आनला का?"

"तुझा ऊस लई पाचट हाय, म्हनून हे घालतोय," मास्टर म्हणाले.

खिडकीतून मला आकडा दिसला. "मास्टर, ऐंशी."

"कुनाचं? माझं का ह्येचं?"

"दोघांचं मिळून. आपला काटा दहा-दहा किलोने वाढतो. म्हणजे पंच्याहत्तर ते पंच्याऐंशीच्या मधलं काहीतरी धरा."

"मग पावती काढा की एक. आठवन म्हनून."

"पावतीला नंबर असतो, मास्टर. हिशेब द्यावा लागतो."

"असू द्या, असू द्या," म्हणत ते आत आले.

आता कामाची वाटणी मास्टरांनीच केली. "बेटा, तू आकडे बोल. काटेसाहेब, तुमी घड्याळ बघा. मी पंखा बघतो." पेनड्राइव्ह लावला, बटण दाबलं आणि खरोखरच मान वर करून उभे राहिले. स्क्रीनकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. जणू डोळे लावून ठेवल्यानेच पंखा फिरत होता.

"एकवीस टक्के. चाळीस. अठ्ठावन्न. त्रेसष्ट." मग मुलगी थांबली.

"पुढं?" मास्टर वर बघूनच म्हणाले.

"त्रेसष्टच."

"बोलत राहा."

"त्रेसष्ट. त्रेसष्ट. त्रेसष्ट."

बाहेर कुठलासा ट्रॅक्टर हॉर्न वाजवत होता. माझ्या घड्याळात चौतीस सेकंद गेले. "चौसष्ट!" असं ती ओरडली तेव्हा काट्यावरचा कारकूनही दचकला. तीन मिनिटं पन्नास सेकंदांनी शंभर झाले. कॉम्प्युटर आपणहून बंद झाला, चालू झाला, स्क्रीनवर नवं वर्जन दिसलं. मास्टरांनी मान खाली केली आणि हाताने मानेचा मागचा भाग चोळला.

मग कार्ड घातलं. पंखे फिरले, दिवे लागले.

स्क्रीन काळी.

 मुलीने पर्समधून मोबाईल काढला. "पप्पा, मी त्यांना आत्ताच कळवून टाकते. सोमवारपर्यंत त्यांना तरी कशाला अडकवायचं?"

"थांब बेटा," मास्टर म्हणाले. ते खाली वाकून उघड्या सीपीयूत बघत होते. "काटेसाहेब, ते वजन किती म्हनला होता तुमी?"

"आठशे सत्तर."

"खोकं सोडून?"

"खोकं सोडून."

त्यांनी एक बोट कार्डाच्या लोंबत्या टोकाखाली घातलं आणि किंचित वर उचललं. दुसऱ्या हाताने बटण दाबलं. स्क्रीनवर उजेड आला.

"पाऊन किलोच्या वर हाय ते. आडवं लोंबतंय बिचारं," मास्टर हळूच म्हणाले. "बोट काढलं की खाली येतंय."

बोट काढता येईना. मुलीने तिचं एक चित्र लावून बघितलं. अकरा मिनिटं लागली. ती अकरा मिनिटं मास्टर गुडघ्यावर बसून, बोट कार्डाखाली धरून राहिले. नंतर पिशवीत डावा हात घालून त्यांनी वायर गुंडाळलेलं एक लाकडी रीळ काढलं, दातांनी वायर सोडवली आणि रीळ कार्डाखाली उभं केलं. ते अगदी थोडं कमी पडलं. तेव्हा त्यांनी शर्टाच्या खिशातून माझा वजनाचा कागद काढला, त्याच्या आणखी दोन घड्या घातल्या आणि रिळाखाली सरकवला. बरोबर बसलं.

सहा चित्रं रविवारी दुपारीच गेली. तिला काम मिळालं. ती इथंच आहे.

पण माझा प्रश्न राहिला तो राहिलाच. गुरुवारी घरी स्क्रीन काळी होती ती वर्जनमुळे, की वजनामुळे? तेव्हाच कुणी खालून बोट लावलं असतं तर? मग तो सगळा खटाटोप, ते त्रेसष्ट टक्के, ते फुकटच होतं का? की बायोस नवा झाला नसता तर बोटानेही काही झालं नसतं? मी मास्टरांना म्हटलं, तपासता येईल. जुनं वर्जन परत घालायचं आणि रीळ लावून बघायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलली की उत्तर मिळतं.

मास्टरांनी वर बघितलं. "फिरतोय," म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "चालतंय ना? मग कावून उकरायचं?"

त्या आठवड्यात मी दुकानात गेलो तेव्हा भिंतीवरचा बोर्ड नव्हता. खिळा होता. 

पुढच्या वर्षी मास्टर बायकामुलांसह हैदराबादला गेले. मेव्हण्याच्या ओळखीने मोठ्या दुरुस्ती केंद्रात काम मिळालं. एकदा फोनवर म्हणाले, "इथं लाईट जातच न्हाई, काटेसाहेब. पंखे बी न्हाईत, सगळं एसी. वर बघितलं की नुसतं पांढरं छत. लोक इचारतात, काय बघता? काय सांगू?" मग विचारलं, "रीळ हाय का?"

"आहे."

"हात लावू नका."

गेल्या वर्षापासून तो नंबर लागत नाही. का लागत नाही याबद्दल बाजारात तीन मतं आहेत. मला स्वतःला माहीत नसल्यामुळे मी त्यातलं एकही इथं लिहीत नाही. दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात. त्या दिवशी काट्यावर त्यांची एक पावती मात्र काढायला हवी होती, हे मला कळतं. एका नंबरचा हिशेब मी देऊ शकलो असतो.

परवा मुलीने हाक मारली. बोर्ड बनवणाऱ्यांनी पुन्हा नवा बायोस काढल्याची सूचना स्क्रीनवर आली होती. "पप्पा, करायचा का?"

मी मान वर केली. पंखा फिरत होता. मग लक्षात आलं, दिवाळीत आपण इन्व्हर्टर बसवला. लाईट असो नसो, हा फिरतोच. त्याच्याकडे बघून आता काही कळत नाही.

"पप्पा?"

मी बघतच राहिलो.